जुन्या विंडो एसीतून रीफ टँकचा चिलर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ठाण्यात मे महिन्यात बंद खोलीतल्या रीफ टँकचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टँकचं, पाणी दुपारी ३१ अंशांच्या वर जातं. हे मला थर्मामीटरच्या आधी झेनिया या मऊ प्रवाळानं सांगितलं. एरवी तिचे बोटांसारखे हात सतत उघडमीट करत असतात, घरी आलेल्या पोरांना टँकमधलं तेच सगळ्यात जास्त आवडतं. त्या दुपारी सगळे हात अर्धवट मिटून लोंबत होते आणि दोन्ही क्लाऊनफिश वरच्या पाण्याला तोंड लावून धापा टाकत होते. पाणी ३१.४. चार-पाच दिवसांत झेनियाचा गोळा विरघळून गेला. मश्रूम प्रवाळं पांढरट पडली, पण तगली.

पाणी गार करणारा तयार चिलर घ्यायचा तर टँकपेक्षा महाग पडत होता. म्हणून पुढच्या उन्हाळ्यांत तीन प्रकार करून पाहिले. दोन फसले. तिसरा गेली चार वर्षं गॅलरीत चालू आहे, आणि सगळं सामान मिळून तेरा हजारांच्या आत बसला. तो कसा करायचा ते इथे लिहितो. फसलेले दोन प्रकारही सांगतो, कारण नवा माणूस हमखास त्यांच्याच वाटेनं जातो.

पाणी थंड कशासाठी

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं, आणि बहुतेक रंगही त्याचाच असतो. पाणी तापलं की ही भागीदारी बिघडते, प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी हे होतं. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली होती. घरच्या टँकमध्ये २४ ते २७ अंश ठेवावेत. २९ च्या पुढे रोज गेलं तर काळजी करा.

मासे धापा टाकतात त्याचं कारण वेगळं. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. फरक छोटा दिसतो, पण उष्णतेनं माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात, आणि रात्री शैवालही ऑक्सिजन खातं. म्हणून उन्हाळ्यात मासे बहुधा पहाटे मेलेले सापडतात.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. कठीण सांगाड्याची, खडक बांधणारी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणायचा विचारही करू नका. माझ्याकडे झोअ‍ॅन्थिड, लेदर आणि मश्रूम ही कठीण सांगाडा नसलेली प्रवाळं आहेत, आणि त्यांनाही थंड पाणीच लागतं.

आधी मोजा

चिलरचं काम म्हणजे पाण्यात शिरणारी उष्णता उचलून घराबाहेर नेऊन टाकणं. किती उचलायची ते कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. मोजायला फक्त थर्मामीटर लागतो.

घरातल्या सगळ्यात गरम दिवशी दुपारी, बर्फाच्या बाटल्या सोडून किंवा खोलीचा एसी लावून, पाणी २६ पर्यंत आणा. मग बाटल्या काढा, एसी बंद करा आणि खोली पुन्हा तापू द्या. दिवे, पंप, सगळं नेहमीसारखं चालू ठेवा. दोन तासांनी तापमान बघा. आता हा हिशोब:

निव्वळ लिटर × दर तासाला चढलेले अंश × १.१४ = वॅट

१.१४ कुठून आलं? एक लिटर समुद्री पाणी एका अंशानं तापवायला साधारण ४.१ किलोज्यूल लागतात, म्हणजे १.१४ वॅट-तास. निव्वळ लिटर म्हणजे दगड आणि वाळूची जागा वजा करून उरलेलं पाणी, अधिक सम्पमधलं, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीतलं. माझा टँक ३ × १.५ × १.५ फूट, काठोकाठ १९१ लिटर. दगड-वाळू वजा आणि सम्प जमा केल्यावर पुन्हा १९० च्या आसपासच येतात. दोन तासांत पाणी २६ वरून २८.४ वर गेलं, म्हणजे तासाला १.२ अंश. १९० × १.२ × १.१४ = २६० वॅट.

हे २६० कुठून येतात तेही बघून घ्या. माझा दिवा १२० वॅटचा, पंप आणि पाणी हलवणारा वेव्हमेकर मिळून ५०, आणि उरलेले ९० काचेतून. खोली ३४ अंश आणि पाणी २६ असेल तर काच दिवसभर उष्णता आत ओढत राहते. पंप पाण्यात बुडालेला असला की त्याची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते, हे बरेच जण विसरतात.

आलेल्या आकड्याची दीडपट ते दुप्पट धरा. मी ५०० वॅट धरले.

स्वस्तातले उपाय आधी

टँक ज्या खोलीत आहे तिथे उन्हाळाभर एसी चालूच असेल तर हा लेख इथेच सोडा, तुम्हाला चिलरची गरज नाही. टँक ६० लिटरच्या आत असेल तरीही नको, पंखा आणि बर्फाच्या बाटल्या पुरतात.

दिवे संध्याकाळी सहा ते मध्यरात्र लावा. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, आणि दुपारच्या उष्णतेवर दिव्याची उष्णता चढत नाही. वरची काच काढून जाळी बसवा. सम्पच्या कपाटाचं मागचं फळकूट काढून टाका. माझं पाणी एवढ्यावरच एका अंशानं उतरलं.

मग पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यानं माझा टँक तीन अंश उतरू शकतो. पण हवेनं ती वाफ घ्यायला हवी ना! पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २१ च्या आसपास येतं, पंखा सुरेख काम करतो. ठाण्या-मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असताना तेच २८ असतं. म्हणजे वारा कितीही मारा, पाणी २८ च्या खाली जाणारच नाही, आणि दिवे-पंप चालू असताना २९ वर अडकतं. नागपूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडच्या लोकांनी पंख्यावरच एक उन्हाळा काढून बघावा. कोकण, मुंबई आणि गोव्यातल्यांनी पंख्यावर फार भिस्त ठेवू नये.

पंखा लावला की रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. भर घालायची ती फक्त आरओच्या गोड्या पाण्याची. क्षारता, म्हणजे सापेक्ष घनतेत मोजलेला खारेपणा, १.०२५ ते १.०२६ वर राहिली पाहिजे. पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप लावलात तर उत्तम. नाहीतर सम्पवर मार्करनं रेघ मारा आणि रोज रात्री तिथपर्यंत भरा.

माझे फसलेले दोन प्रकार

पहिला: छोट्या फ्रिजला दोन भोकं पाडून आत प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं ठेवलं आणि त्यातून टँकचं पाणी फिरवलं. फ्रिज रात्रंदिवस चालला, कॉम्प्रेसरला हात लावता येईना, आणि पाणी जेमतेम अर्धा अंश उतरलं. फ्रिजमधली हवा गार असते, पण हवेतून नळीत थंडावा फार हळू शिरतो. नळी पाण्याच्या बादलीत बुडवून बादली फ्रिजमध्ये ठेवली तरी दुसरी अडचण उरतेच. गार झालेली भाजी गार ठेवायला जो कॉम्प्रेसर बनवलाय, तो न थांबता अडीचशे वॅट उपसू शकत नाही. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन, चांगलाच ज्वालाग्राही. भोक पाडताना आतली नळी फुटली तर गाठ पेटत्या वायूशी आहे. माझी फुटली नाही, ते नशीब.

दुसरा: पेल्टिअर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला टीईसी१-१२७०६ नावाची चौकोनी चकती सहज मिळते, १२ व्होल्ट, ६ अँपिअर. एका बाजूला बर्फासारखी गार होते म्हणून माणूस भुलतो. दोन बाजूंच्या तापमानात फरक पडला की तिची उष्णता उचलायची ताकद झपाट्यानं घसरते. प्रत्यक्षात एका चकतीकडून २५-३० वॅट निघाले तर खूप, आणि त्यासाठी ती साठेक वॅट वीज खाते. मला अशा पंधरा-वीस लागल्या असत्या. तीस लिटरच्या नॅनो टँकला ठीक आहे.

तिसरा प्रकार: रचना

पाऊण टनाचा जुना विंडो एसी घ्यायचा. खोलीत हवा गार करणारी त्याची पुढची कॉइल सोडवून एका आइसबॉक्समधल्या गोड्या पाण्यात बुडवायची. त्याच पाण्यात प्लास्टिकच्या नळीची वेटोळी ठेवायची आणि टँकचं खारं पाणी नळीच्या आतून फिरवायचं. खारं पाणी कॉइलला कधीच शिवत नाही.

हा आडपडदा हवाच. कॉइल तांब्याची असते, आणि पाण्यात उतरलेलं तांबं प्रवाळं, कोळंबी, गोगलगायी यांना विष असतं. स्टेनलेस स्टीलची नळीही नको, ३०४ ग्रेडची तर नाहीच. ३१६ लाही खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. टायटॅनियमची नळी सगळ्यात चांगली, तीन-चार मीटरमध्ये काम होतं, पण महाग.

मी शेतकऱ्याकडची युक्ती वापरली: ठिबक सिंचनाची १२ मिलिमीटरची साधी लॅटरल नळी, ड्रिपर नसलेली. कृषी दुकानात मीटरवर मिळते, भिंत पातळ असते, मिठाला दाद देत नाही. प्लास्टिकमधून उष्णता मंद जाते, म्हणून लांबी जास्त घ्यायची. दहा-दहा मीटरची दोन वेटोळी, समांतर जोडलेली. एकच वीस मीटरची नळी घेतलीत तर पंपाला दम लागतो.

एसी निवडताना

इन्व्हर्टर मॉडेल नको. त्याच्या सर्किटला कॉइलवरचा सेन्सर, पंख्याची गती, सगळं आपल्या मनासारखं लागतं, नाहीतर ते एरर दाखवून गप्प बसतं. फिरवायच्या बटणांचा, जुन्या धाटणीचा शोधा. घर बदलणाऱ्यांकडे मिळतो. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारा. विकत घेण्याआधी वीस मिनिटं चालवून बघा. पुढची कॉइल सगळीकडे सारखी गार आणि ओली झाली पाहिजे. अर्धीच गार होत असेल किंवा एका कोपऱ्यात बर्फ धरत असेल तर गॅस कमी आहे, सोडून द्या.

पाऊण टन म्हणजे साधारण २६०० वॅट. मला हवे होते ५००. मोठा वाटतो ना? वाटू दे. विंडो एसी याहून लहान सहसा मिळत नाही, आणि वरचढ ताकदीचं काय करायचं ते पुढे येतं.

कॉइल बाहेर काढणं

सगळ्यात नाजूक काम हेच, म्हणून एसी दुरुस्त करणारा माणूस सोबत घ्या. माझ्या मेकॅनिकनं आधी दोनदा विचारलं, "साहेब, कॉइल पाण्यात बुडवायची? नक्की ना?" मग स्वतःच इतका रमला की चहा थंड झाला.

एसीचा प्लग काढून बाजूला ठेवा. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती मेकॅनिकला उतरवू द्या. पुढचं प्लास्टिक, मग पत्र्याचे स्क्रू, मग ब्लोअरचं चाक काढा. विंडो एसीत एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. पुढचं चाक काढायचं, मागचा पंखा ठेवायचा, कारण उष्णता बाहेर फेकणारा तोच.

आता कॉइल मोकळी होते, पण दोन तांब्याच्या नळ्यांनी कॉम्प्रेसरच्या बाजूला बांधलेली असते. एक जाड, एक केसासारखी बारीक, तिला कॅपिलरी म्हणतात. या नळ्या तोडायच्या नाहीत, फक्त वाकवायच्या. मी पहिल्या एसीत घाई केली. जाड नळी एका झटक्यात नव्वद अंशात वळवली, आणि ती स्ट्रॉ दुमडावी तशी आतल्या बाजूला चेपली. टिक असा बारीक आवाज आला, मग फुस्स. तो एसी त्याच दिवशी भंगारात गेला.

दुसऱ्या वेळी मेकॅनिकनं काम माझ्या हातातून काढूनच घेतलं. नळीवर स्प्रिंग बेंडर चढवला. दोन्ही अंगठे नळीखाली, बोटं वरून, आणि एका जागी न वाकवता वीतभर लांबीत थोडं थोडं. दर दोन मिनिटांनी हात थांबवून नळीवरून बोट फिरवायचा, कुठे सपाट लागतेय का बघायला. पाऊण तास गेला. कॉइल चौकटीबाहेर येऊन आडवी लोंबायला लागली, तेव्हा त्यानं कॅपिलरीला गुंडाळलेल्या फोमवर एक चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, "आता हिला हात लावायचा नाही."

मागच्या पाटीवर वायूचं नाव असतं. आर-२२ किंवा आर-४१०ए असेल तर पेटण्याची भीती नाही. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे, त्याच्याजवळ झाळकामाचा गॅस टॉर्च पेटवायचाच नाही. कुठलाही असला तरी मुद्दाम हवेत सोडू नका.

पेटी

पन्नास लिटरचा जाड भिंतीचा आइसबॉक्स, मासळीवाले किंवा केटरिंगवाले वापरतात तसला. कॉइलच्या मापाचा पुठ्ठा कापून आधी पेटीत उतरवून बघा. एसीसमोर विटांवर पेटी अशा उंचीला ठेवा की कॉइल ताण न पडता आत बसेल. कॉइल पूर्ण बुडाली पाहिजे. झाकणात नळ्यांपुरत्या खाचा कापा, उरलेल्या फटीत काळा नायट्राइल फोम कोंबा.

ठिबकाची वेटोळी पीव्हीसी पाइपच्या चार उभ्या तुकड्यांभोवती गुंडाळून नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधा. दोन फेऱ्यांमध्ये बोटभर मोकळी जागा ठेवा, चिकटून बांधलीत तर मधल्या फेऱ्यांना पाणी लागत नाही.

पेटीत चाळीस लिटर आरओचं पाणी आणि ते गोठू नये म्हणून त्यात २० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, फूड ग्रेडचं. गाडीचं कूलंट चालणार नाही, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. तळाशी एक छोटा पंप पाणी ढवळत राहील असा ठेवा, त्याचं तोंड कॉइलकडे. मी पहिल्या महिन्यात ग्लायकॉल घातलं नव्हतं. एका रात्री ढवळायचा पंप अडकला, आणि सकाळी झाकण उघडलं तर कॉइलभोवती बर्फाचा पाव तयार. वेटोळ्यांभोवतीचं पाणी मात्र कोमट, आणि टँक २८ वर.

खाऱ्या पाण्याचा फेरा

सम्पमध्ये ताशी हजार-बाराशे लिटरचा वेगळा पंप घ्या. सम्पचं पाणी टँकमध्ये परत चढवणाऱ्या रिटर्न पंपातून फांदी काढू नका, नाहीतर एकाच्या घोळात दोन्ही बंद पडतात. पंपाकडून पेटीकडे एक नळी, तिथे टी जोडून दोन वेटोळी, पुन्हा टी, आणि परतीची नळी सम्पकडे. परतीचं टोक पाण्याच्या वर चार बोटं ठेवा.

पंप सम्पच्या तळाशी ठेवू नका, विटेवर चढवा. गॅलरीत नळी निसटली तर पंपाच्या तोंडापर्यंतचंच पाणी जाईल, बाकीचं वाचेल. पंप बसवण्याआधी सम्पवर रेघ मारून बघा, किती लिटर जाऊ शकतं ते. माझ्याकडे अकरा लिटर. ते मी सहन करू शकतो, आणि खालच्या मजल्यावरचेही.

दोन्ही नळ्यांवर एसीच्या तांब्यावर घालतात तो काळा फोम चढवा. ठाण्याच्या हवेत गार नळी सोडली की दहा मिनिटांत घाम फुटतो आणि लादीवर तळं साचतं.

वीज आणि दोन थर्मोस्टॅट

टँकचं तापमान बघून थेट एसी चालू-बंद केलात तर एवढा मोठा कॉम्प्रेसर मिनिट-दोन मिनिटांनी चालू-बंद होत बसेल आणि लवकर मरेल. म्हणून तापमान बघून वीज चालू-बंद करणारे दोन वेगळे कंट्रोलर लावा, एसटीसी-१००० सारखे.

पहिला पेटीसाठी. एफ-१ म्हणजे नेमलेलं तापमान १२, एफ-२ म्हणजे फरक ४, एफ-३ म्हणजे कॉम्प्रेसरची सक्तीची विश्रांती ५ मिनिटं. पेटी १६ ला गेली की एसी लागतो, १२ ला थांबतो. एसीचा स्वतःचा थर्मोस्टॅट आधी बायपास करावा लागतो, तो एवढं खाली जाऊच देत नाही. माझ्याकडे एसी सहा-सात मिनिटं चालतो आणि अर्धा तास झोपतो. चाळीस लिटर गार पाणी म्हणजे साठवलेली थंडी, वरचढ एसीचा प्रश्न तिथेच मिटतो. १२ च्या खाली जाऊ नका. कॉम्प्रेसरची ताकद घटते आणि पदरात काही पडत नाही.

दुसरा कंट्रोलर टँकसाठी, तो फक्त सम्पमधला पंप चालवतो. एफ-१ २५.७, एफ-२ ०.५. पाणी २६.२ झालं की पंप लागतो, २५.७ ला थांबतो. तापमान मोजणाऱ्या प्रोबची धातूची टोपी खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून तो एका टोकाला सिलिकॉननं बंद केलेल्या प्लास्टिकच्या नळीत घाला. दोन्ही प्रोब आधी कुटलेल्या बर्फाच्या काल्यात बुडवून शून्य दाखवतात का बघा. चुकत असतील तर एफ-४ मध्ये दुरुस्ती करा. माझा एक सव्वा अंश जास्त दाखवत होता.

कंट्रोलरचा रिले, म्हणजे त्यातला स्विच, १० अँपिअरचा असतो. कॉम्प्रेसर चालताना चारेक अँपिअरच घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. रिले चिकटला तर एसी थांबणारच नाही. म्हणून मधे २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे दणकट विजेवर चालणारा स्विच, हवा: कंट्रोलर कॉन्टॅक्टरला चालवेल, कॉन्टॅक्टर एसीला. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि एसीच्या पत्र्याला नीट अर्थिंग, या दोन बाबतींत काटकसर नको, कारण याच पाण्यात तुम्ही रोज हात घालणार आहात. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात न जाता खाली ठिबकेल.

एसीची पाठ गॅलरीबाहेर तोंड करून असू द्या. खोलीतच ठेवलात तर टँकमधून काढलेली उष्णता, वर कॉम्प्रेसरची स्वतःची, पुन्हा टँकभोवतीच फिरेल.

पहिले दिवस

टँकला लगेच जोडू नका. शंभर लिटरच्या ड्रममध्ये साधं पाणी भरून दोन दिवस चालवा. गळती, घाम, आवाज, सगळं इथेच कळतं. आमच्या शेजारच्या काकूंनी याच दिवसांत झाकण उचलून विचारलं होतं, "यात सोलकढी ठेवता का हो?" ग्लायकॉलचं सांगितल्यावर झाकण पटकन खाली गेलं. पेटीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर कडीही लावा.

टँकला जोडल्यावर पाणी दिवसाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका. ३० वरून २६ ला यायला चार दिवस लागू देत. घाईनं उतरवलेलं पाणीही प्रवाळाला धक्काच देतं.

थर्मामीटर दुसराही हवा, कंट्रोलरशी संबंध नसलेला, काचेचा. रिले चिकटून पंप चालूच राहिला तर कंट्रोलरचा आकडा खाली जाताना दिसतो, पण बघणार कोण? माझा काचेचा थर्मामीटर चहाच्या डब्याजवळून दिसतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ नजर पडतेच.

वर्षभर

महिन्यातून एकदा पेटीच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवा. ग्लायकॉल घातलेल्या आरओच्या पाण्याचा आकडा लहान असतो आणि सावकाश वाढतो. एकदम शेकड्यांनी उडाला तर समजा ठिबकाची नळी कुठेतरी झिरपतेय आणि मीठ पेटीत उतरतंय. पंप बंद करा, पेटी रिकामी करा, नळी बदला. मला चार वर्षांत एकदा लागलं, तेही टीच्या सांध्यात.

एसीच्या मागच्या जाळीवर गॅलरीतली धूळ आणि कबुतरांची पिसं बसतात. मार्चच्या सुरुवातीला मऊ ब्रशनं साफ करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर चिलर कमी चालतो, पण बंद करू नका. ढगाळ दमट दिवसांत पंखे निरुपयोगी होतात आणि पाणी हळूहळू २८ कडे सरकतं. ऑक्टोबर हीटमध्ये तर पुन्हा मेसारखाच चालतो. एप्रिल-मेमध्ये माझं वीजबिल महिन्याला सव्वाशे युनिटच्या आसपास वाढतं.

वीज गेली की सगळंच थांबतं. फ्रीझरमध्ये लिटरच्या चार बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा, गळ्यापर्यंत न भरता, नाहीतर फुटतात. एक गोठलेली बाटली शंभर लिटर पाणी साधारण एका अंशानं उतरवते. बाटली सम्पमध्ये सोडा, बर्फ थेट पाण्यात टाकू नका, क्षारता पडते. सोबत बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. पहिल्या दोन तासांत उष्णतेपेक्षा ऑक्सिजन आधी संपतो, आणि रिटर्न पंप थांबलेला असताना पाणी हलवायला तेवढाच उरतो.